बुजणारा घोडा दावणीला आला, तर पहिले काही महिने कसे काढायचे

सारंगखेड्याच्या यात्रेतून आमची घोडी मैना घरी आली, तेव्हा टेम्पोतून उतरायलाच तिनं दीड तास घेतला. फळी लावली होती, खाली पेंढा पसरला होता, समोर पाण्याची बादली ठेवली होती. ती फळीच्या टोकाशी यायची, नाकपुड्या फुलवून वास घ्यायची आणि कुणी जरा पाय हलवला की परत आत. शेजारचे तिघं मदतीला आले होते. एकाचं म्हणणं, मागून दोर लावून ढकलू. आमच्याकडचे मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे) काका, ज्यांचं सगळं आयुष्य घोड्यांत गेलं, ते एवढंच म्हणाले, "सगळे बाजूला व्हा. तिला उतरायचंच आहे. वाट तेवढी मोकळी ठेवा." आम्ही दहा पावलं मागं सरलो. वीस मिनिटांनी ती आपली आपण उतरली.

बुजऱ्या घोड्याबरोबर राहताना मी जे शिकलो, त्याचा गाभा त्या दहा पावलांत आहे. पुढं जायचं कसं हे आपल्याला येतंच. योग्य क्षणी मागं सरायला मात्र शिकावं लागतं.

दत्तजयंतीला तापीकाठी भरणारी सारंगखेड्याची यात्रा, अकलूजचा घोडेबाजार, माळेगावच्या खंडोबाची यात्रा, अशा ठिकाणी नवा माणूस घोडा घेतो तेव्हा रंग बघतो, चाल बघतो, अंगावरचे केसांचे भोवरे बघतो. बाजाराच्या गोंगाटात घोडा बुजरा आहे की नाही हे कळत नाही, कारण तिथं सगळेच घोडे ताणलेले असतात. घरी आणल्यावर कळतं. हा लेख तेव्हासाठी आहे. घोडा काठेवाडी असो, मारवाडी असो, भीमथडीचं तट्टू असो की शर्यतीतून निवृत्त झालेला उंच थरोब्रेड, पद्धत तीच राहते, लागणारे दिवस बदलतात.

आधी दुखणं शोधा

भीती म्हणून जे दिसतं, त्यातलं बरंचसं दुखणं असतं. मैना डाव्या बाजूनं हात नेला की मान झटकायची. मी ते भित्रेपणाच्या खात्यात टाकलं होतं. पशुवैद्यांनी तोंड उघडून पाहिलं तर डावीकडच्या दाढेची कड धारदार झालेली, गालाला आतून जखम, आणि ओठांच्या कोपऱ्यात काटेरी लगामाचे जुने वण. दाढ घासून घेतल्यावर पंधरा दिवसांत निम्मी झटकाझटकी थांबली. काटेरी लगाम अजून सर्रास विकले जातात, म्हणून स्पष्ट लिहितो: ओझी वाहणाऱ्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या केंद्र सरकारच्या नियमांत काटेरी लगाम आणि काटेरी काठी या दोन्हींना मनाई आहे. घोड्याबरोबर असा लगाम आला असेल तर तो भंगारात द्या.

म्हणून पहिल्या आठवड्यातच पशुवैद्यांना बोलवा आणि डोळे, दात, पाठ, खूर आणि पोट या पाच गोष्टी बघून घ्या. एका डोळ्यानं कमी दिसणारा घोडा त्या बाजूला हमखास बुजतो. पाठीवर खोगिराचे जुने फोड असतील तर तो खोगीर बघूनच थरथरतो. नालबंदाकडून खूर साफ करून घ्या. धनुर्वाताची लस घोड्याला द्याच, स्वतःही घ्या.

पोटाबद्दल जरा जास्त सांगायला हवं. घोड्याचं जठर त्याच्या अंगाच्या मानानं लहान, साधारण ८ ते १५ लिटरचं, आणि त्यात आम्ल सतत पाझरत राहतं, तो खात असो वा नसो. सकाळ-संध्याकाळ तोबरा भरून हरभरा आणि मधे रिकामी गव्हाण, ही आपल्याकडची जुनी चाल पोटात व्रण करते. असा घोडा चिडका होतो, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येतो, जरा खुट्ट झालं की उडतो. वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा रोज पोटात जायला हवा, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोड्याला पाच ते सात किलो. वाळलं गवत किंवा चांगला कडबा दिवसभर थोडा थोडा समोर असू द्या. हरभरा कमी करा. मैनेचा हरभरा निम्म्यावर आणला आणि गवत वाढवलं, तेव्हा तिचा स्वभाव बदलला असं लोक म्हणाले. स्वभाव तोच होता, पोट शांत झालं होतं.

आणि तिला सोबत दिली. घोडा कळपातलं जनावर. गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं, आणि राखण करायला जवळ कुणी नसेल तर तो आडवा होतच नाही. रात्रीमागून रात्री अर्धवट झोपेत उभा राहिलेला घोडा दिवसा कशाला शांत असेल? दुसरा घोडा परवडत नव्हता, म्हणून आम्ही तिच्या ठाणाशेजारी, म्हणजे राहायच्या जागेशेजारी, शेळी बांधली. चौथ्या रात्री मैना आडवी झाली.

त्याला जग कसं दिसतं

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. दिसत नाही ते दोन ठिकाणचं: कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या सरळ मागं. नवखा माणूस नेमका याच दोन ठिकाणांहून येतो. प्रेमानं थेट तोंडासमोर जाऊन कपाळावर हात ठेवतो किंवा मागून पुठ्ठ्यावर थाप मारतो. दोन्ही चुकीचं. खांद्याच्या रोखानं, तिरकं चालत या, आणि येण्याआधी आवाज द्या.

उजेडातून अंधारात जाताना त्याच्या डोळ्यांना रुळायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. भर उन्हातून तबेल्याच्या दारात तो थबकतो त्याचं कारण हेच असतं, हट्ट नव्हे. तिथं अर्धं मिनिट थांबू द्या. लाल-हिरव्यातला फरक त्याला नीट कळत नाही, निळा आणि पिवळा मात्र कळतो. वाऱ्यावर फडफडणारी निळी ताडपत्री त्याला किती ठळक दिसत असेल याची कल्पना करा.

कानांचंही तसंच. आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, घोड्याला ३३ हजारांच्या आसपासपर्यंत. म्हणून "काहीही नसताना बुजला" असं म्हणू नका. काहीतरी होतं, ते आपल्यापर्यंत पोचलं नाही.

अंग वाचायला शिका

भीती मोठी होण्याआधी लहान असते, आणि ती लहान असतानाच आपण थांबायचं असतं. क्रम बहुतेक वेळा असा: चघळणं थांबतं. कान एका दिशेला रोखले जातात. मान वर जाते. डोळ्याच्या वरची त्वचा आक्रसून त्रिकोणी घडी पडते. नाकपुड्या फुलतात, श्वास अडतो. मग तो फुरफुरतो, आणि त्यानंतर उडी, पळ किंवा लाथ. लोकांना उडी दिसते. तुम्हाला चघळणं थांबलेलं दिसायला हवं.

मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचे कान आत वळलेले, टोकाशी टेकणारे असतात. ते छान दिसतात, पण नव्या माणसाला वाचायला अवघड जातात, कारण ते नेहमी टवकारल्यासारखेच वाटतात. त्यांच्यात टोकाकडे पाहू नका, कानाच्या बुडाकडे आणि कानाची वाटी कुठं उघडते तिकडे पाहा.

सैल पडल्याच्या खुणाही शिकून घ्या: मान खाली येणं, लांब सुस्कारा, खालचा ओठ लोंबणं, एक मागचा पाय मोडून उभं राहणं. जीभ फिरवणं आणि तोंड चघळल्यासारखं करणं याला बरेच जण "समजलं त्याला" म्हणतात. ते तसं नाही. ताण उतरू लागल्याची ती खूण आहे, म्हणजे आधी ताण होता हेही ती सांगते.

नाडी बघायला शिकलात तर फार उपयोग होतो. जबड्याच्या खालच्या कडेवरून दोरीसारखी एक शीर जाते. तिच्यावर दोन बोटं टेकवून १५ सेकंद मोजा आणि चारनं गुणा. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. मैना पहिल्यांदा नाडी बघू द्यायला लागली तेव्हा बाहेरून अगदी शांत दिसत होती, आणि नाडी ६४ होती. त्या दिवशी मी पुढचं काही केलं नाही.

पहिला आठवडा: फक्त बसा

ठाणापासून सात-आठ पावलांवर स्टूल टाका, घोड्याकडं खांदा करून बसा, आणि वर्तमानपत्र वाचा. रोज त्याच वेळी, अर्धा तास. त्याच्याकडं टक लावून पाहू नका. टक लावून पाहणारा प्राणी म्हणजे शिकारी, हे त्याच्या रक्तात आहे.

बाकी चारा-पाणी, शेण काढणं चालूच राहील. ते करताना सतत हलकं बोलत राहा. काय बोलता याला महत्त्व नाही. मोतद्दार काका भाजीचे भाव सांगतात. आवाज खालच्या पट्टीत, लांबट. आमच्याकडं "हो… हो… बाळा" हे शब्द ठरलेले आहेत आणि ते फक्त सगळं ठीक असतानाच वापरतो. घोडा बिथरल्यावरच जर तुम्ही "हो हो" म्हणालात, तर थोड्या दिवसांत "हो हो" म्हणजे काहीतरी वाईट येतंय, असंच तो शिकेल.

घरातल्यांना एक गोष्ट बजावून सांगा: या आठवड्यात पाहुण्यांना घोडा दाखवायचा नाही, लहान मुलं जवळ नकोत, मोबाइलचा फ्लॅश नको.

जवळ जाणं आणि मागं सरणं

हा भाग सावकाश वाचा. बाकी सगळं यावर उभं आहे.

घोडा कुंपण घातलेल्या लहान आवारात मोकळा हवा, बांधलेला नको. बांधलेल्या घोड्याला नाही म्हणायची सोय नसते, म्हणून त्याच्या हो म्हणण्याला काही अर्थ राहत नाही. तिरकं चालत त्याच्या खांद्याच्या रोखानं जा. एक पाऊल, दोन पावलं. कुठंतरी, समजा सहा पावलांवर, त्याचं चघळणं थांबेल किंवा मान इंचभर वर जाईल. ती तुमची आजची रेषा. तिथंच थांबा. पुढं नाही, मागंही नाही. खांदे सैल सोडा, श्वास सोडा, नजर त्याच्या पायांकडे ठेवा.

आता वाट पाहा. दहा सेकंद लागतील, कधी दोन मिनिटं. त्याची मान जरा खाली आली, कान तुमच्याकडून दुसरीकडं गेला, पापणी हलली, की त्याच क्षणी वळा आणि चालत दूर जा. तेच त्याचं बक्षीस. "मी शांत राहिलो की हा माणूस माझ्यावरचा भार काढून घेतो" हे त्याला यातूनच कळतं.

उलटं करून पाहा. तुम्ही जवळ गेलात, तो उडाला, आणि घाबरून तुम्ही मागं झालात, तर तो शिकला की उडालं की माणूस जातो. म्हणून रेषेच्या अलीकडं थांबायला एवढं महत्त्व. रेषा ओलांडली गेलीच आणि तो पळाला, तर पाठलाग करू नका. आहात तिथं उभे राहा, तो थांबेल, मग त्याच्या थांबण्यावर मागं सरा.

एका वेळी आठ-दहा फेऱ्या, पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नाही. दिवसातून दोनदा चालेल. सहा पावलांची रेषा पाच होते, मग एकदम तीन, मग दुसऱ्या दिवशी परत सात. वारा असला की सात होणारच. हा हिशेब वहीत लिहून ठेवा: तारीख, वेळ, वारा, किती पावलं. माझ्या वहीत पहिल्या अकरा दिवसांत जवळजवळ काहीच फरक नाही. बाराव्या दिवशी मी वळून चालू लागलो आणि मागं खुरांचा आवाज आला. मैना माझ्या मागं चालत येत होती. मी थांबलो नाही, वळूनही पाहिलं नाही. कुंपणापर्यंत गेलो, तिनं पाठीला नाक लावलं, एक मोठा श्वास घेतला आणि निघून गेली. त्या दिवशीचं काम तिथंच संपवलं.

पहिला हात, मग खरारा

पहिला हात तोंडावर नको. मानेचं बूड आणि पाठ जिथं मिळते तो उंचवटा, आयाळ संपते ती जागा, तिथं हात जाऊ द्या. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ते तिथंच. फ्रान्सच्या कामार्ग भागातल्या घोड्यांवर झालेला एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यात या जागी खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात असं दिसलं. तेव्हा थापटू नका, खाजवा. बोटांची पेरं गोल फिरवत, जरा जोर लावून. आवडलं की वरचा ओठ पुढं येऊन वळवळायला लागतो.

तीन सेकंद खाजवा, हात काढा, एक पाऊल मागं. तो तिथंच राहिला किंवा तुमच्याकडं झुकला तर पुन्हा. सरकला तर सरकू द्या. मग हळूहळू खांदा, छाती, पाठ, आणि सगळ्यात शेवटी पोट, मागचे पाय, कान. एका बाजूला जमलं म्हणजे दुसऱ्या बाजूला जमलं असं समजू नका. उजवी बाजू पहिल्यापासून सुरू करा.

खरारा, म्हणजे ब्रशनं अंग घासणं, नंतर. आधी ब्रश जमिनीवर ठेवा, त्याला हुंगू द्या. मग ब्रशची पाठ अंगावर टेकवा, मग मऊ बाजू. लोखंडी खरारा हाडांवरून फिरवू नका. जुने मोतद्दार खराऱ्यात तास घालवायचे. अंग चमकणं हा त्याचा एक फायदा, पण माणसाची आणि घोड्याची ओळख तिथंच व्हायची.

खाऊ द्यायचा की नाही यावर वाद आहेत. माझं मत, द्या, पण नियमानं. मेथीघासाची काडी, गाजराचा लांब उभा तुकडा. गोल चकत्या नकोत, त्या घशात अडकू शकतात. गुळाचा खडा कधीतरी. तळहात सपाट ठेवून द्या, आणि तो शांत, मान सरळ ठेवून उभा असेल तेव्हाच द्या. खिसा हुंगत अंगावर आला तर काहीही देऊ नका, नाहीतर महिनाभरात चावायला लागेल. चावऱ्या घोड्याला उघड्या हातानं न देता घमेल्यात टाका.

म्होरकी आणि दोर

म्होरकी (तोंडावर चढवायची दोराची वेसण) हातात घेऊन फिरा, ठाणात टांगा, तिच्यातून हात घालून खाऊ द्या. तो स्वतः नाक आत घालायला लागला की बांधायची. तीन-चार दिवस जातात, पण त्यानंतर जन्मभर झटापट नाही.

दोर कमीत कमी बारा फुटी, सुती, जाड. हाताला गुंडाळायचा कधीच नाही. मी एकदा गुंडाळला होता. मोटारसायकलच्या फटफटीनं मैना उडाली आणि तळहाताची साल निघाली. बोटं वाचली हे नशीब. दोराची घडी करून ती मुठीत धरा, वेढा नको. बांधताना टोक ओढताच सुटेल अशी गाठ मारा. पायात भक्कम बूट, डोक्याला हेल्मेट, जमिनीवरच्या कामातही.

चालवायला शिकवताना पुन्हा तेच: दोरावर बोटभर ताण द्या, धरून ठेवा, वाढवू नका. त्याचं वजन किंचित पुढं झुकलं की लगेच ताण सोडा. पाऊल पडण्याचीही वाट पाहू नका, झुकण्यालाच सोडा. ओढाओढीत साडेतीनशे किलोचं जनावर जिंकणार हे ठरलेलं आहे. एक पाऊल, सोडलं. दोन पावलं, सोडलं. मग मागं सरणं, मग मान खाली करणं. मान खाली करायला शिकवण्यात चार दिवस खर्च करा. मान खाली असताना घोडा शांत होतो, आणि रस्त्यावर काही झालं तर तुमच्याकडं मागायला ओळखीची गोष्ट असते.

तुम्ही त्याच्या खांद्याशी चाला, पुढं नको. पुढं चालणाऱ्या माणसाच्या अंगावर घोडा उडी मारतो, मुद्दाम नव्हे, तर त्याला जायला तीच वाट असते म्हणून.

ज्याची भीती वाटते, ते

आपल्याकडं जुनी पद्धत अशी: अगाडी-पिछाडी बांधायची, म्हणजे पुढून आणि मागच्या पायांना दोर लावून जखडायचं, आणि घोडा लढायचा थांबेपर्यंत अंगावर पोती झटकायची. तो थांबतो खरा. पण सुटायची आशा सोडलेला घोडा शांत दिसतो तेवढाच, आत तो तसाच ताणलेला असतो, आणि एखाद्या दिवशी वरातीच्या गर्दीत सगळं एकदम बाहेर येतं. मैनेला वरातीसाठी असंच तयार केलं होतं, हे तिच्या पिछाडीच्या वणांवरून काकांनी ओळखलं. बॅन्ड ऐकला की तिला पाठीपर्यंत घाम फुटायचा.

माथेरानला जाऊन पाहा. मोटारींना बंदी असलेल्या त्या गावात माकडं, पोरांचा आरडाओरडा, छत्र्या, छोटी आगगाडी, यांतून घोडे निवांत चालतात. ते शूर जन्मले नाहीत. रोज, लांबून, ओळखीच्या घोड्याच्या सोबतीनं त्यांनी ते सगळं पाहिलेलं असतं. आपल्यालाही लांबून सुरुवात करायची आहे.

वस्तूसाठी मला सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती ही: भीतीची वस्तू घोड्याकडं आणू नका, त्याच्यापासून दूर न्या. एका माणसाला ताडपत्रीची घडी काखेत घेऊन वीस पावलं पुढं, घोड्याकडं पाठ करून चालायला सांगा. तुम्ही घोडा घेऊन मागून जा. जी वस्तू पळते तिची भीती वाटत नाही, उलट उत्सुकता वाटते. काही फेऱ्यांनी घोडाच वेग वाढवतो, अंतर कमी होतं. मग पुढचा माणूस थांबतो, घोडा हुंगतो, आणि घोडा मागं वळायच्या आधी माणूस पुन्हा चालू लागतो. घडी अर्धी उघडायची ती आणखी काही दिवसांनी. जमिनीवर पसरून तिच्यावरून चालवायचं तर अजून पुढं.

आवाजासाठी मोबाइलवर बॅन्ड लावा, इतका हळू की तुम्हालाही कान द्यावा लागेल, आणि गव्हाणीत चारा टाकताना लावा. चारा संपायच्या आत बंद करा. चघळणं थांबलं तर आवाज जास्त झाला, कमी करा. आठवड्याला एक खूण वाढवली तरी पुष्कळ. खरा बॅन्ड ऐकवायचा तर आधी अर्धा किलोमीटर लांबून, आणि शक्य तर सोबतीला शांत, वयस्क घोडा हवा. एक म्हातारं, निवांत तट्टू जे शिकवतं ते माणसाला शिकवता येत नाही.

एका दिवशी एकच भीती घ्या. सकाळी कुत्रं भुंकलं, दुपारी नालबंद येऊन गेला, तर संध्याकाळी ताडपत्री काढू नका. भीतीची बेरीज होत जाते.

बुजलाच, तर

बुजेल. तेव्हा दोर सैल ठेवून बाजूला व्हा, त्याला फिरायला जागा द्या. तोंडाशी घट्ट धरलेला घोडा मागच्या पायांवर वर उठतो. श्वास सोडा, आवाज करत सोडा. वस्तूकडं तुम्ही पाहू नका. तो थांबला की त्याला पाहू द्या, पाहून झालं की मान खाली मागा, आणि जिथून बुजला तिथून थोडं लांब, त्याला जमेल तिथं एक सोपं काम करून घरी या. मारू नका, ओरडू नका. मार खाल्लेल्या घोड्याच्या डोक्यात छत्री आणि मार यांची गाठ बसते, मग छत्री आणखी भयंकर होते.

लाथा झाडणं, अंगावर येणं, वर उठणं हे वारंवार होत असेल तर एकट्यानं करू नका, अनुभवी माणूस बोलवा. पण येणारा माणूस पहिल्या पाच मिनिटांत चाबूक मागत असेल, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

खोगिराबद्दल थोडक्यात: आधी घडी केलेलं पोतं, मग गादी, मग तंग न आवळता खोगीर, मग तंग एकेक भोक. प्रत्येक टप्प्यावर तो मोकळा उभा राहिला तरच पुढचा. आणि स्वार व्हायची घाई नको. मैनेवर मी मांड टाकली ती सहाव्या महिन्यात, तीही दोन मिनिटं.

दिवाळी आणि विसर्जन

वर्षातले हे दिवस शिकवण्याचे नाहीत, निभावण्याचे आहेत. घोडा ठाणात ठेवा, दिवा लावून ठेवा म्हणजे फटाक्यांचा लखलखाट अंगावर येणार नाही, गव्हाण गवतानं भरा, शेळी किंवा दुसरा घोडा शेजारी, आणि रेडिओ रोजच्याच आवाजात. खिळे, पत्र्याच्या कडा, लोंबत्या तारा आधीच काढा. बांधणं टाळता आलं तर टाळा. त्यानंतर आठवडाभर सगळं मागं गेल्यासारखं वाटेल. वहीतलं महिन्यापूर्वीचं पान काढा आणि तिथून सुरू करा. दुसऱ्यांदा तीच वाट लवकर चालून होते.

या लग्नसराईत रस्त्यावरून वरात गेली. मैना गवत खात होती. तिनं मान उचलली, चघळणं थांबवलं, दोन्ही कान रस्त्याकडं लावले. मी जवळ होतो, दोन पावलं मागं झालो आणि गप्प उभा राहिलो. बॅन्ड पिंपळापाशी वळेपर्यंत ती पाहत राहिली. मग एक कान माझ्याकडं आला, सुस्कारा टाकला, आणि तोंड परत गव्हाणीत. निळ्या ताडपत्रीचं काम अजून चालू आहे. सध्या आम्ही चार पावलांवर आहोत.